नव्या मोबाईलला 'ताप' येतो तेव्हा

मोबाईल खरेदीचा आणि आरोग्याच्या सदराचा संबंध काय, असे काही वाचकांना वाटेल. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते. त्या महिन्यात जे घडले त्यात माझीही थोडी चूक आहे, म्हणून हा विषय आज घेत आहे.

मधुमेहाच्या एक जुन्या रुग्ण बाई रक्तातील साखर तपासून घ्यायला दवाखान्यात आल्या होत्या. बरोबर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. बारावी झालेली, आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात जायचे ठरलेले. प्रवेशाचे अर्ज भरायला सोयीचा पडेल म्हणून त्याला नवा स्मार्टफोन हप्त्यावर घेऊन दिला होता. फोन तीन आठवड्यांचा होता. मी आईचे औषध लिहीत असताना त्याने तो माझ्या टेबलाच्या काचेवर पालथा ठेवला आणि चाळा म्हणून बोटाने टिचकी मारली. फोन भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला. तो हसून म्हणाला, "डॉक्टर, जरा गरम पण होतो. दुकानदार म्हणाला, नवा आहे, सुरुवातीला होतोच."

मी ते पाहिले, ऐकले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

नऊ दिवसांनी रात्री अकराच्या सुमारास त्याला माझ्याकडे आणले. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि तळवा भाजला होता, त्यावर टूथपेस्टचा जाड थर होता. फोनचे मागचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते. उद्या दुकानात दाखवू म्हणत त्याने फोन चार्जिंगला लावला आणि अंगठ्याने दाबून झाकण जागेवर बसवायला गेला. फुस्स असा आवाज झाला, धूर निघाला आणि ज्वाळा हातावर आली. मी ती पेस्ट धुऊन काढत असताना आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, परवा तुमच्या टेबलावरच तर ठेवला होता त्याने." बाईंच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. पण मला ते वाक्य अजून आठवते.

बॅटरीच्या पोटात काय असते?

आजच्या प्रत्येक मोबाईलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ही वस्तू वाईट मुळीच नाही. पण तिची रचना नाजूक आहे.

सुरळीची वडी डोळ्यांसमोर आणा. पातळ थर, मध्ये सारण आणि त्याची घट्ट गुंडाळी. बॅटरीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात, एक धन आणि एक ऋण. त्या एकमेकींना शिवू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. या पडद्याची जाडी माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. हे सारे एका द्रवात भिजवलेले असते आणि तो द्रव पेट घेणारा असतो. अशी ही गुंडाळी एका चपट्या पिशवीत बंद करतात.

आता कारखान्यात होणाऱ्या चुका पाहू. पट्टी कापताना धातूचा बारीक कण आत राहून जातो. जोडकामाच्या वेळी टोकाला कुसळासारखा उंचवटा राहतो. पट्ट्या एकमेकींवर नीट जुळत नाहीत. पिशवी लहान पडून कोपऱ्यात गुंडाळी दबते. कधी हवेतील ओलावा आत शिरतो. यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. फोन छान चालतो, चित्रे छान निघतात. पण चार्जिंग होताना बॅटरी किंचित फुगते, वापरताना किंचित आकसते. रोजच्या या हालचालीत ते कुसळ पडद्याला टोचत राहते. एक दिवस पडदा फाटतो आणि दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात.

तिथे उष्णता निर्माण होते. उष्णतेने आतील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. उष्णता आणखी वाढली की तिनेच नव्या रासायनिक क्रिया सुरू होतात आणि त्या अधिक उष्णता देतात. ओल्या वैरणीची गंजी आतून तापत जाऊन पेटते हे शेतकरी वाचकांना माहीत आहे. प्रकार तसाच, फक्त इथे सारे काही सेकंदांत घडते.

जुन्या फोनची बॅटरी वयोमानाने फुगते. पण तीन आठवड्यांच्या फोनची बॅटरी फुगली, तर बहुधा दोष जन्मजात असतो. यंत्रांच्या अभ्यासकांना हे चांगले ठाऊक आहे. यंत्रात सुरुवातीच्या काळात जास्त बिघाड होतात, मग बरीच वर्षे शांततेत जातात आणि शेवटी झिजेमुळे बिघाड पुन्हा वाढतात. सुरुवातीच्या बिघाडांना ते चक्क 'अर्भकमृत्यू' असे नाव देतात. नवजात बालकाकडे आपण पहिले काही आठवडे जसे डोळ्यांत तेल घालून पाहतो, तसेच नव्या फोनकडे पाहावे, एवढाच याचा अर्थ.

मोठ्या कंपन्यांनाही चुकले आहे

"कंपनी मोठी आहे, तिच्यात खोट कशी असेल?" असे पुष्कळ जण म्हणतात. दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने आपल्या बीएल-५सी या बॅटरीबद्दल जगभर सूचना काढली. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात एका पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, म्हणून त्या फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे घरोघरी लोक फोन उघडून बॅटरीवरचा क्रमांक पाहत होते, ते अनेकांना आठवत असेल.

दुसरे उदाहरण २०१६ चे. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा फोन १९ ऑगस्टला बाजारात आला आणि २ सप्टेंबरला कंपनीने तो परत मागवला. तोवर सुमारे २५ लाख फोन गेले होते आणि कंपनीकडे ३५ तक्रारी आल्या होत्या. बदलून दिलेल्या फोनमध्ये दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या होत्या. त्याही पेटू लागल्या, आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद करावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे जाहीर केली. पहिल्या बॅटरीत कोपऱ्यात ऋण पट्टी दबून वाकत होती, दुसरीत जोडकामाचे कुसळ राहिले होते.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, असा दोष फार विरळा असतो. २५ लाखांत ३५ हा आकडा घाबरण्याजोगा नाही, पण ज्याच्या हातात तो एक फोन असेल त्याला आकड्यांचा काही उपयोग नाही. दुसरी, फोन बदलून मिळाला म्हणजे काळजी संपली असे नाही. बदललेल्या फोनवरही तितकेच लक्ष ठेवावे.

अनेक रुग्ण मला मोबाईलच्या रेडिएशनबद्दल विचारतात. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून त्यासाठी प्रतिकिलो १.६ वॅट ही मर्यादा आहे आणि बहुतेक फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले की त्या फोनचा आकडा दिसतो. तो जरूर पाहा. पण न दिसणाऱ्या किरणांची चिंता करणारा माणूस डोळ्यांना दिसणाऱ्या फुगवट्याकडे दुर्लक्ष करतो, हे मी पाहिले आहे.

घेताना काय पाहावे?

१) खोक्याचे सील आपल्यासमोर उघडायला सांगा. फोन काचेच्या काउंटरवर पालथा आणि उताणा ठेवून पाहा. पाठ सपाट असेल तर तो गर्रकन फिरणार नाही. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे पाठीवर ठेवलेला फोन डुगडुगतो, तो दोष नव्हे. पडद्याच्या कडेला फट नको.

२) स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून, हा क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला की फोनची माहिती येते. क्रमांक बनावट किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले तर फोन घेऊ नका.

३) फोन, बॅटरी आणि चार्जर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर' हे इंग्रजी अक्षर आणि पुढे आठ आकडे असा तिचा क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो खरा आहे की नाही हे तपासता येते. रस्त्यावरचा शंभर रुपयांचा चार्जर चांगल्या फोनलाही आजारी पाडतो.

४) पक्के बिल घ्या आणि त्यावर आयएमईआय लिहून घ्या. आमच्या या मुलाला दुकानदाराने साधी चिठ्ठी दिली होती. हप्त्याच्या कागदांवर क्रमांक छापलेला होता आणि आईने खोके जपून ठेवले होते, म्हणून निभावले.

पहिला महिना : लक्षणे ओळखा

फोन थोडा कोमट होणे स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी नाना गोष्टी त्यात भरल्या जात असतात, तेव्हा तो तापतोही. पण न वापरता खिशात किंवा टेबलावर पडलेला फोन गरम लागत असेल तर ते लक्षण आहे. बाळाचे दूध आपण मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहतो, तसा फोन मनगटाला लावून पाहा. चटका बसला तर वापर थांबवा.

इतर लक्षणे अशी : पाठ फुगणे, पडदा एका बाजूने उचलला जाणे, टेबलावर फोन भोवऱ्यासारखा फिरणे, गोडसर किंवा नेलपॉलिशसारखा वास येणे, चार्ज पन्नासवरून एकदम दहावर येणे आणि सुरसुर आवाज. शेवटचे लक्षण दिसले तर लगेच फोनपासून दूर व्हा.

मधुमेहींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाजायला ज्वाळाच लागते असे नाही. ४४ अंश सेल्सिअसचा स्पर्श सुमारे सहा तास टिकला तरी त्वचा भाजते. ज्याला चटका कळतो तो झोपेतही हात काढून घेतो. पण ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना हे कळतच नाही. अंथरुणात, उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला लावलेला फोन ठेवून झोपू नये. तिथे उष्णतेला वाट मिळत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असतो तेव्हा तर मुळीच नाही. काही उत्पादकांच्या माहितीपत्रकातच ३५ अंशांच्या आत फोन वापरावा असे लिहिलेले असते. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंग टाळावे.

लक्षण दिसले तर काय करावे?

भिंतीवरचे बटण बंद करून फोन चार्जरपासून वेगळा करा आणि बंद करा. पुन्हा चार्ज करू नका. झाकण दाबू नका, टोचू नका, उघडू नका. फ्रीजमध्ये ठेवू नका. कपडे, कागद, अंथरूण यांपासून दूर, फरशीवर किंवा कोरड्या वाळूच्या लोखंडी घमेल्यात ठेवा आणि सकाळी कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा. "थोडे दिवस वापरून बघा," हा सल्ला मानू नका. फुगलेली बॅटरी आपोआप बरी होत नाही.

पेटलाच तर आधी मेन स्विच बंद करा. फोन उचलून फेकायला जाऊ नका. शक्य असेल तर लांबून भरपूर पाणी ओता. मुलांना बाहेर काढा, धूर छातीत जाऊ देऊ नका. धूर घेतलेल्या माणसाला काही तासांनीही दम लागू शकतो, त्याला दवाखान्यात दाखवलेच पाहिजे.

भाजल्यावर

भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. घड्याळ लावून २० मिनिटे, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे वीस वाटतात. लगेच जमले नाही तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. सूज येण्याआधी अंगठी, बांगडी, मनगटातील दोरा काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाटा, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा. डोळ्यांत काही गेले असेल तर डोळा वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा.

हात, चेहरा, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल, जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल किंवा धूर छातीत गेला असेल, तर वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना "बॅटरीने भाजले" असे आवर्जून सांगा. बॅटरीतल्या लिथियमच्या क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकते. ते त्वचेत खोल शिरते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. जखम लहान आणि वेदना फार, असे असेल तर ही शंका घ्यावी लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे की नाही हेही विचारून घ्या.

दाद कुठे मागावी?

जळालेला फोन फेकू नका. त्याचे आणि जखमेचे फोटो काढा. दुकानदार किंवा सेवा केंद्राला फोन दिला तर पोच घ्या. दवाखान्याचे कागद आणि बिले जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून आणि काही प्रसंगी विक्रेत्याकडूनही मागता येते. तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी शुल्क नाही.

त्या मुलाला मी रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी प्लास्टिक सर्जनकडे पाठवले. तर्जनीवर त्वचारोपण करावे लागले. आयटीआयचा प्रवेश झाला, पण पहिले दोन महिने वर्गात बसून नुसते पाहावे लागले. आज त्याची तर्जनी पुरती मिटत नाही. पक्कड धरता येते, बारीक स्क्रू मात्र डाव्या हाताने फिरवतो. व्यायाम चालू आहेत आणि फरक पडतो आहे. तक्रार दाखल केली आहे, निकाल यायचा आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मी त्याला विचारले, "गरम होत होता तर परत का नेला नाहीस?" तो म्हणाला, "दोनदा गेलो, डॉक्टर. तिसऱ्यांदा जायला लाज वाटली." अंगावरची गाठ दुखत नाही म्हणून वर्षभर न दाखवणारे रुग्ण मी तीस वर्षे पाहत आलो आहे. त्यांचेही उत्तर साधारण हेच असते. वाचकहो, आपले पैसे देऊन घेतलेली वस्तू परत दाखवायला जाण्यात लाज कसली? तिसऱ्यांदा जावे लागले तरी जा, आणि दुकानदार ऐकत नसेल तर घरातले मोठे माणूस बरोबर न्या.

हल्ली कोणी माझ्या टेबलावर फोन ठेवला की मी त्याला एक टिचकी मारून पाहतो. रुग्ण हसतात. गेल्या दहा महिन्यांत दोन फोन फिरले. दोन्ही मी तिथल्या तिथे बंद करायला लावून सेवा केंद्रात पाठवले. आपल्या घरातला फोनही आज एकदा सपाट फरशीवर ठेवून पाहा. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही.